लायसन्स जप्त झालं आणि मग जावक नंबर शोधत फिरलो: माझा अनुभव

आधीच सांगते, दंड ही यातली सगळ्यात सोपी गोष्ट. टू-व्हीलर चालवताना मोबाईल म्हणून हजार रुपये, फोनवरूनच भरले, आणि आमच्या चिरंजीवांना वाटलं संपलं. वय १९, लायसन्स नवंकोरं, क्लासला जाताना एका हाताने ग्रुपवर 'आलोच' टाईप करत चालला होता, पुढच्या चौकात ट्रॅफिकवाल्यांनी बाजूला घेतलं. कोणाला लागलं नाही हे नशीब. पण कार्ड ठेवून घेतलं आणि हातात पावती दिली.

असं कसं घेतात म्हणून मी चिडून वाचायला बसले, तर घेतातच. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीपासून फोन हातात धरून चालवणं कलम १८४ मधे, म्हणजे धोकादायक ड्रायव्हिंगमधे येतं. लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवायचं, मग आरटीओ तुमचं म्हणणं ऐकून सस्पेंड करायचं की नाही ते ठरवणार. कोर्टात गेलं तर पहिल्याच वेळी ६ महिने ते १ वर्ष कैद किंवा १ ते ५ हजार दंड किंवा दोन्ही.

आता खरी कटकट. आरटीओत गेलो तर खिडकीवरचे म्हणाले, "लायसन्स आमच्याकडे आलेलंच नाही, ट्रॅफिकला विचारा." ट्रॅफिकला गेलो तर "आम्ही कधीच पाठवलंय, आरटीओला विचारा." परत आरटीओ, तर साहेब मिटिंगला. परत गेलो तर साहेब आहेत पण ज्यांच्याकडे रजिस्टर असतं ते रजेवर. असं किती वेळा झालं ते मोजायचंही मी सोडून दिलं. बरं, सुनावणी झाल्याशिवाय ऑर्डर नाही, आणि आमचे सस्पेन्शनचे तीन महिने धरले ऑर्डरच्या तारखेपासून, म्हणजे कागद या टेबलावरून त्या टेबलावर जाईपर्यंतचे सगळे दिवस फुकट! बाहेर एक एजंट रोज विचारायचा, मॅडम करून देऊ का, आणि खरं सांगते एकदा हात पर्सकडे गेलाही होता. शेवटी तिथल्याच शिपाईकाकांनी हळूच सांगितलं, नाव सांगून काही सापडत नाही हो, ट्रॅफिककडून जावक नंबर (कागद बाहेर पाठवताना त्यांच्या रजिस्टरमधे पडतो तो) आणि तारीख लिहून आणा. आणला. आवक रजिस्टरमधे पाच मिनिटात एंट्री सापडली, गठ्ठा त्याच कपाटात होता, इतके दिवस! हे पहिल्या दिवशी बोलायला काय जात होतं?

सुनावणी किरकोळ झाली. मी मागे उभी राहिले, बोलायला त्यालाच लावलं. साहेबांनी एकच विचारलं, ४० च्या स्पीडला सेकंदाला गाडी किती जाते. गप्प. साधारण ११ मीटर. म्हणजे 'आलोच' टाईप करायला तीन सेकंद धरले तर तेहेतीस मीटर न बघता. तिथे त्याचा चेहरा उतरला, हजार रुपयाने उतरला नव्हता.

पुढचे तीन महिने बस. सस्पेंड असताना "जवळच तर जायचंय" करू नका, त्याला कलम १८२ आहे, १० हजार दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि डिजिलॉकरमधली कॉपी दाखवून काही होत नाही. त्यात अपघात झाला तर इन्शुरन्सवाले समोरच्याला पैसे देऊन गाडीमालकाकडून वसूल करू शकतात, आणि गाडी माझ्या नावावर आहे!

आणि हो, ज्यांची मुलं १८ च्या आतली आहेत आणि बिनलायसन्स घरची ॲक्टिव्हा पळवतात, त्यांनी कलम १९९ए वाचाच. तिथे पालक किंवा गाडीमालकच दोषी धरतात, ३ वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द आणि मुलाला २५ वर्षाचा होईपर्यंत लायसन्स नाही. १६ ला लायसन्स मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंत, ॲक्टिव्हा त्यात बसत नाही. शेजारच्या वहिनींना हे सांगितलं तर म्हणाल्या, आमचा फक्त सोसायटीतच चालवतो. बरं.

मधेच राहिलं, पावतीची झेरॉक्स त्याच दिवशी काढा, ती शाई उडते, आमचा अर्धा नंबर गेला होता. आणि लायसन्स परत द्यायच्या आधी रिफ्रेशर ट्रेनिंग पूर्ण केल्याचं बघतात, तर ते तीन महिन्यातच उरकून घ्या, शेवटच्या आठवड्यावर ठेवलंत तर परत त्याच खिडकीवर उभं राहाल.