तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांचं घरी सांगता का?

दरवर्षी ॲडमिशन झाल्या की हा प्रश्न दोन्ही बाजूंनी येतो. पालक म्हणतात, "मॅडम, पोरगं तुमच्याशी काय बोलतं ते आम्हाला कळवाल ना?" आणि मुलं दारातच उभी राहून, आत पाऊल टाकायच्या आधी, "मॅडम, घरी सांगणार नाही ना?" गेल्या महिन्यात एका लग्नात पंगतीला बसले होते तर शेजारच्या बाई म्हणाल्या, तुम्ही कॉलेजात काउन्सेलर ना, मग वेळेवर सांगत का नाही घरी, आईबापाला एकदम पेपरातूनच कळतं. मला पुढे जेवण गेलं नाही. म्हणून एकदाच सगळं लिहिते.

नाही सांगत. केटी किती लागल्या, कोण कोणाबरोबर फिरतं, कोणाला ब्रँच नकोशी झालीय, कोण रात्र रात्र झोपत नाही, यातलं काही सांगत नाही. जीवाला धोका दिसला तर सांगते. आणि सांगितल्याचं काय होतं तेही मी बघितलंय.

2019 ची गोष्ट आहे. इंजिनिअरिंगची, सेकंड इयरची मुलगी. गाव, ब्रँच लिहीत नाही, अजून एकदोन गोष्टी मुद्दाम बदलल्यात. एम-थ्री, म्हणजे गणिताचा पेपर, दोनदा राहिला होता, वर्ष जाणार हे दिसत होतं, वडिलांनी फीसाठी सोसायटीतून कर्ज काढलेलं, आणि एक मुलगा होता, दुसऱ्या जातीचा. तीनचार वेळा येऊन गेली होती, त्या गुरुवारी साडेचारला आली आणि अगदी शांतपणे बोलायला लागली. रडणारं मूल आलं की मला तितकी भीती वाटत नाही, पण ती रडत नव्हती. मी सरळ विचारलं, जीवाचं काही करायचं मनात येतंय का (हे विचारल्याने मुलांच्या डोक्यात येतं असं लोकांना वाटतं, तसं नसतं, उलट विचारलं की मुलं बोलतात). ती हो म्हणाली. दिवससुद्धा ठरवला होता.

मी तिला एकटं सोडलं नाही. हॉस्टेलच्या रेक्टर मॅडमना बोलावून तिच्याजवळ बसवलं, आणि तिला सांगितलं की मला आता घरी फोन करावा लागेल. ती म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात कोणाला कळणार नाही."

म्हणाले होते मी. फर्स्ट इयरच्या इंडक्शनला माईक हातात घेऊन, भरलेल्या हॉलसमोर, इथे बोललेलं इथेच राहतं. अपवाद सांगितला नव्हता. मुलं घाबरतील, येणारच नाहीत, असं वाटायचं तेव्हा मला.

वडिलांनी फोन उचलला तेव्हा मागे गाईगुरांचा आवाज येत होता. मी म्हटलं, तिच्या जीवाला धोका आहे, आज रात्री तिला एकटं ठेवायचं नाही, तुम्ही या, डॉक्टरांना दाखवू. त्यांचा पहिला प्रश्न, "पोलीस केस होणार का मॅडम?" मी म्हटलं नाही हो, तिने काही केलेलं नाही, आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर प्रयत्न केलेल्या माणसालासुद्धा तो प्रचंड तणावाखाली होता असंच धरायचंय, शिक्षा नाही. मग थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग विचारलं, "कारण काय पण? पोरगा हाय का कुणी?"

मी हो म्हटलं. नाव विचारलं, नावही सांगितलं.

का सांगितलं? बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आले की बाप आहे, आवाज कापत होता, त्याला कळायचा हक्क आहे. ते खोटं नाही. पण मीही भ्यायले होते आणि कधी एकदा हे ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर देते असं मला झालं होतं, हेही खरं आहे, आणि हे कबूल करायला मला फार वेळ लागला.

रात्री साडेदहाला ते आणि तिचे चुलते जीप घेऊन आले. गादी, बादली, पुस्तकांची बॅग, सगळं गाडीत टाकलं. चुलते माझ्याशी फार नम्रपणे बोलले, तिच्याशी एक शब्द नाही. ती गाडीत बसताना माझ्याकडे बघेल असं वाटलं होतं. मी नंतर दोनदा फोन केला, डॉक्टरांना दाखवलंत का, तर "बरी आहे मॅडम आता." ती कॉलेजला परत आली नाही. वर्षाच्या आत लग्न झालं, हे रूममेटकडून कळलं.

सगळे म्हणतात जीव तर वाचला. हो, वाचला. फोन केला नसता आणि काही झालं असतं तर आज मी हे लिहायला उरले नसते, निदान या कामात तरी नसते. एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, 2022 च्या आकड्यांत देशात 13,044 विद्यार्थी आत्महत्येने गेलेत, त्यात 1,764 आपल्या महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. त्यामुळे फोन केला याबद्दल मला कोणी काही ऐकवू नये. पण त्याच 2017 च्या कायद्याचं 23 वं कलम गोपनीयतेचं आहे, आणि त्यात जीव वाचवण्यासाठी माहिती देता येते असं म्हटलंय ते जेवढी गरजेची तेवढीच. ते मी नीट वाचलं नंतर. एकटं ठेवू नका एवढं गरजेचं होतं. त्या मुलाचं नाव नव्हतं.

2023 मध्ये तिचा मेसेज आला. घरी फोन का केलात असं नाही विचारलं तिने. "त्याचं नाव का सांगितलंत?" एवढंच. मी उत्तर टाइप करून पुसलं, परत टाइप केलं, शेवटी चुकलं माझं एवढं पाठवलं. ब्लू टिक आली, पुढे काही नाही.

आता तुम्ही म्हणाल एवढ्यावरून कॉलेजच वाईट, तर तसंही नाही. कॉलेजने निदान मला ठेवलं तरी होतं, खोली जिमखान्याच्या शेजारी का असेना, जिथे आत जाणारा प्रत्येक जण सगळ्यांना दिसायचा. कोण कोण येऊन गेलं त्याची यादी दर महिन्याला ऑफिसला मागायचे. मी आकडा द्यायचे, नावं नाही, त्यावरून वाजायचं. जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की 100 किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित काउन्सेलर हवा. चांगलंच झालं. पण हजारो मुलांमागे एक जण असला तरी ती अट पूर्ण होते आणि तो एक जण रात्री अकराला हॉस्टेलवर नसतो, म्हणून मी प्रत्येकाला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करायला लावते, माझ्यासमोर.

आणि हल्ली पहिल्याच भेटीत, नाव विचारायच्या आधी, सांगून टाकते. इथलं बाहेर जाणार नाही, जीवाला धोका वाटला तर जाईल, तेव्हा आधी तुला सांगेन आणि गरजेपुरतंच बोलेन. मला वाटायचं हे 2019 ला केलं असतं तर सगळं निराळं झालं असतं. परवा एक मुलगा आला, झोप लागत नाही म्हणाला, मी हे सगळं सांगितलं, त्याने ऐकून घेतलं, बरं म्हणाला आणि बॅग उचलून गेला. परत आलेला नाही. इंडक्शनला माईक घेऊन उभी होते ती मी म्हणते, बघ, सांगितलं होतं ना, येणार नाहीत. तिला काय उत्तर देऊ, मला नाही माहीत.

त्याचं नाव मी रेक्टरना दिलेलं नाही. सोमवारी कँटीनजवळ दिसला तर मीच जाऊन बोलणार आहे.