द्राक्षवाल्या मामांसोबत नाशिकचं वाईन टेस्टिंग, आणि तुम्ही जाणार असाल तर थोडं काही

नाशिकला वाईन टेस्टिंगला जायचं असेल तर फेब्रुवारीत जा आणि जमलं तर मंगळवार-बुधवारी सकाळी जा, हे सगळ्यात आधी सांगते. तेव्हा वाईनच्या द्राक्षांची तोडणी चालू असते, वेलीवर घड असतात, क्रेट भरून आत जाताना दिसतात. पावसाळ्यात हिरवंगार असतं, फोटो भारी येतात, पण वेलीवर फळच नसतं मग अर्धी मजा तिथेच गेली.

आम्ही गंगापूर रोडने धरणाकडे गेलो. सुला आणि यॉर्क या दोन्ही वायनरी त्याच बाजूला, एकमेकांपासून जवळ (२०२१ पासून यॉर्क सुलाचीच आहे). आम्हाला शांत बसायचं होतं म्हणून यॉर्कचं टेस्टिंग रूम निवडलं, समोर धरणाचं पाणी दिसतं. सोबत पिंपळगाव बसवंतचे माझे मामा होते, ज्यांनी आयुष्यभर थॉमसन (खायचं बिनबियांचं द्राक्ष) पिकवलं आणि दारूला कधी हात लावला नाही. ते फक्त बाग बघायला आले होते आणि खरं सांगू, त्यांच्यामुळेच मला वाईन कळली.

टाक्या दाखवणाऱ्या मुलाला मामांचा पहिलाच प्रश्न, "ब्रिक्स किती आल्यावर तोडता?" (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप.) तो म्हणाला रेडसाठी साधारण २२ ते २४. मामा म्हणाले आमचा माल १८ ला पॅकिंगला जातो. मग दोघांचं जे सुरू झालं ते मी नुसतं ऐकत राहिले. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करतं, म्हणून २२ ब्रिक्सच्या रसाची वाईन साधारण १२-१३ टक्क्यांची होते. खायच्या द्राक्षाचे घड जीए या वाढीच्या संजीवकात बुडवून मणी फुगवायचा, साल पातळ हवी, बी नको. इथे सगळं उलटं, मणी बारीक, साल जाड, आत बी, कारण रेडचा रंग सालीतून येतो आणि तुरटपणा साल-बीमधून. व्हाईटला रस लगेच सालीपासून वेगळा करतात आणि थंड टाकीत सावकाश आंबवतात, त्यामुळे वास टिकतो. मामांनी शिराजचा (हे रेड वाईनचं द्राक्ष) एक मणी तोंडात टाकला, साल चावत बराच वेळ उभे राहिले, म्हणाले "गोडी आमच्यापेक्षा जास्त आहे गं याला." हे तुम्हीही करा, विचारून एक मणी खाऊन बघा आणि मग त्याच द्राक्षाची वाईन प्या.

टेस्टिंगला हलक्यापासून जडकडे जातात, म्हणजे आधी स्पार्कलिंग (बुडबुड्यांची), मग व्हाईट, रोझे (गुलाबी), रेड, आणि उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड लेट हार्वेस्ट शेवटी. हा क्रम मोडू नका, रेडनंतर शेनिन ब्लांसारखी व्हाईट पाणचट लागते. सोव्हिन्यों ब्लां या व्हाईटला हिरव्या मिरचीचा आणि कापलेल्या गवताचा वास येतो, शिराजला काळ्या मिरीचा, आणि कॅबर्ने या रेडने जीभ कच्च्या जांभळासारखी आखडते. परफ्यूम मारून जाऊ नका, स्वतःचंही नाक जातं आणि शेजारच्याचंही. घोट तोंडात फिरवून भांड्यात थुंकला तरी चालतं, भांडं त्यासाठीच ठेवलेलं असतं, आपल्या लोकांना उगाच लाज वाटते. ओतलेलं सगळं संपवलंच पाहिजे असं काही नाही. पैसे दिलेत ते चव कळण्याचे.

पोटभर नाश्ता करून जा, मिसळ नको पण, तिखटाने जीभ बधिर होते. पाणी पीत राहा. आधार कार्ड जवळ ठेवा, वय विचारतात. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि निवडणुकीचे ड्राय डे बघून तारीख ठरवा. गाडी चालवणारा एक जण न पिणाराच हवा, आमच्याकडे मामा होते. नाहीतर येता-जाता कॅब आधीच बोलून ठेवा, संध्याकाळी तिथून गाडी मिळायला फार वेळ लागतो.

बाटली घेताना लेबलवरचं वर्ष बघा. आपल्याकडच्या बहुतेक व्हाईट ताज्याच चांगल्या, जितकं अलीकडचं वर्ष तितकं बरं. बिल सांभाळून ठेवा. सुरत-वापीकडून येणाऱ्यांनी बाटली सोबत नेऊ नका, गुजरातमध्ये दारूबंदी आहे, जी काय प्यायची ती इथेच. आणि बाटल्या डिकीत ठेवून जेवायला बसू नका, फेब्रुवारीतही दुपारच्या उन्हात बंद गाडी तापते आणि वाईनची वाट लागते. घरी रेडसुद्धा पिण्याआधी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा. रूम टेंपरेचरला प्या म्हणतात ते १६-१८ डिग्रीचं, आपल्या ३२ डिग्रीच्या हॉलमध्ये तीच रेड नुसती अल्कोहोलची झळ मारते. उघडलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये, आणि दोन-तीन दिवसांत संपवा.