खारीचं पोट आणि घरभर वैद्य

कुत्र्याच्या पिल्लाचं पोट बिघडलं की खायला काय द्यायचं, हे डॉक्टर दोन मिनिटांत सांगतात. गुरगुट्या भात आणि उकडलेलं चिकन, बास. खरं अवघड काम म्हणजे घरातल्या बाकीच्यांचे हात आवरणं.

आमची खारी ही रंकाळ्याजवळच्या एका टपरीमागची गावठी पोरगी, अडीच महिन्यांची. पातळ शी सुरू झाली आणि घरातला जो तो वैद्य झाला. आईने सहाण काढली. लहानपणी आम्हाला जुलाब झाले की ती जायफळ उगाळून चाटवायची. पण जायफळ कुत्र्यांना बाधतं, त्यामुळे सहाण परत फडताळात. शेजारच्या काकू वाटीभर दूध घेऊन दारात हजर, "लेकरू आहे, दूध तरी पाजा." आईचं अंगावरचं दूध सुटलं की बऱ्याच पिल्लांना दुधातली साखर पचेनाशी होते, आणि ही तर गाईची धार, जुलाब आणखी वाढले असते. आबांचं तर विचारूच नका. रविवार, त्यात घरात मटण. "तांबडा नको गं, पांढरा दे वाईच. तिखट कुठं असतंय त्यात?"

तिखट नसतं, पण आलं, लसूण, मिरी, काजू, नारळाचं दूध सगळं असतं. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मसाल्याचं मटण पाण्यात धुऊन द्यायची युक्ती म्हणूनच कामाची नाही, लसूण धुतल्याने जात नाही.

डॉक्टरांकडे आधी गेलो ते बरं झालं. तिची पहिलीच लस झाली होती, दुसरी बाकी. अशा वयात पहिली शंका पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांवर बसणाऱ्या जीवघेण्या विषाणूची. उलट्या, रक्ताची घाण वास मारणारी शी, अन्नावरची वासना जाणं, मलूल पडून राहणं, यातलं काही दिसलं तर भात शिजवत बसायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. खारी शेपूट हलवत होती, तरी डॉक्टरांनी चाचणी करून घेतली. पार्व्हो नव्हता. सोबत नेलेल्या शीच्या नमुन्यात जंतांची अंडी सापडली. जंताचं औषध तिथेच दिलं. माणसांची जुलाब थांबवायची गोळी मात्र स्वतःच्या मनाने अजिबात द्यायची नाही, असं दोनदा बजावलं.

मोठ्या कुत्र्याला एखादा दिवस उपाशी ठेवलं तर चालून जातं. पिल्लाला नाही. त्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते, पाय लटपटायला लागतात. म्हणून थोडं थोडं, पण दर तीन-चार तासांनी.

तर तो भात. वाटीभर तांदळाला चार-पाच वाट्या पाणी घालून पार गळेपर्यंत शिजवायचा, शीत बोटाने सहज मोडलं पाहिजे. तांदूळ रोजचा चालतो. आबांनी मात्र तिच्यासाठी आजरा घनसाळ काढायला लावला. चिकनचा छातीचा तुकडा, कातडं आणि हाड काढून, नुसत्या पाण्यात उकडायचा. मीठ नाही, हळद नाही, तेल-तूप नाही. वर तरंगलेली चरबी चमच्याने काढून टाकायची. मग चिकन हाताने रेषा-रेषा सोडवून बारीक करायचं आणि दोन भाग भातात एक भाग मिसळायचं. कोमट असतानाच दोन-तीन चमचे ताटलीत. खारीने ते दोन सेकंदांत चाटून ताटली स्वयंपाकघरभर ढकलत नेली आणि आईकडे असं काही बघितलं की आईचा हात परत पातेल्याकडे! तो मी वाटेतच धरला. पोट दुखतंय तिचं, भूक मेलेली नाही, हे आईला पटायला वेळ लागला.

पाण्याची वाटी सतत भरलेली. मधूनमधून मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडायची. झटकन बसली तर ठीक. हळूहळू बसली किंवा हिरड्या कोरड्या, चिकट लागल्या, तर अंगातलं पाणी कमी झालंय. मग घरगुती काही नको, सलाइन लागू शकतं.

शी घट्ट झाल्यावर नेहमीचं खाणं एकदम सुरू केलं नाही. आधी भातात चतुर्थांश, मग निम्मं, असं करत भात कमी केला. नुसत्या भात-चिकनवर पिल्लू फार काळ ठेवायचं नसतं, वाढत्या हाडांना लागणारं कॅल्शियम त्यात जवळजवळ नसतंच.

कोपऱ्यावरच्या वॉचमनदादांना ग्लुकोजची बिस्किटं बंद करायला सांगितली. ते म्हणाले, "ताई, मी नाही देत, तीच घेते." फ्रीजमध्ये उरलेला आळणी घनसाळ शेवटी आबांनी संपवला. वर पांढरा रस्सा ओतून.