टीडीसीवर मोजून भागत नाही

इंजिन जुळवताना पिस्टन टीडीसीला (टॉप डेड सेंटर, म्हणजे त्याच्या सगळ्यात वरच्या टोकाला) आणायचा, व्हॉल्व्ह बोटाने दाबून बघायचा आणि "जागा आहे" म्हणत हेड कसून टाकायचं, अशी तपासणी पाहिली की जीव कासावीस होतो. व्हॉल्व्ह आणि पिस्टन सगळ्यात जवळ येतात ते टीडीसीला नव्हेच. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत असताना वर येणारा पिस्टन त्याच्या मागे लागतो आणि टीडीसीच्या साधारण १० अंश (क्रँक फिरण्याचे) आधी त्याला गाठायला येतो. इनटेकचं उलट: तो उघडत उघडत खाली जाणाऱ्या पिस्टनचा पाठलाग करतो, आणि सगळ्यात कमी अंतर टीडीसीनंतर साधारण १० अंशांवर मिळतं. त्या पट्ट्यात क्रँक फिरला तरी पिस्टन फारसा सरकत नाही, व्हॉल्व्ह मात्र भराभर हलत असतो. हे डोक्यात घोळतंय तोवर सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

परफॉर्मन्स इंजिनात सुटा पार्ट चुकीचा निघणं तसं क्वचितच. प्रत्येक पार्ट आपल्या मापात असतो, बेरीज फसते. हेड ०.२५ मिमी फेस केलं, ब्लॉकचा वरचा भाग ०.१० मिमी घेतला, गॅस्केट १.२ ऐवजी १.० मिमीची आली, की ०.५५ मिमी जागा कोणाच्या लक्षात न येता गेली. शिवाय कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) हेडमध्ये असेल तर हेड खाली आल्यामुळे कॅम क्रँकच्या जवळ येतो, चेन-बेल्टचा टेन्शनर ढील ओढून घेतो आणि कॅम किंचित रिटार्ड (उशिरा) होतो. रिटार्ड झाला की एक्झॉस्टची जागा आणखी घटते, अॅडव्हान्स (लवकर) केला की इनटेकची. म्हणून डिग्री व्हील (क्रँकचे अंश दाखवणारी चकती) लावून कॅम टायमिंग पक्कं केल्याशिवाय हे माप घेऊच नये. व्हेरिएबल टायमिंग (इंजिन चालू असताना बदलणारं कॅम टायमिंग) असेल तर इनटेक पूर्ण अॅडव्हान्सला आणि एक्झॉस्ट पूर्ण रिटार्डला धरून मोजायचा.

क्लेची पद्धत मला आवडते, पण तिच्यावर थांबू नये. पिस्टनच्या व्हॉल्व्ह पॉकेटवर (व्हॉल्व्हसाठी माथ्यावर कापलेल्या खोलगट जागेवर) क्लेची पट्टी, वर तेलाचा हात म्हणजे ती व्हॉल्व्हला चिकटत नाही. जी गॅस्केट बसणार तिच्याच दाबलेल्या जाडीची वापरलेली गॅस्केट घालून हेड टॉर्कला कसायचं, क्रँक हाताने सावकाश दोन फेरे फिरवायचा. कुठे अडला तर जोर लावायचा नाही, तिथेच थांबायचं. हेड काढून क्ले ब्लेडने आडवी कापली की पॉकेटचा आकारच समोर येतो. बऱ्याचदा तळाशी भरपूर जाडी असते आणि कडेला क्ले कागदासारखी उरते, म्हणजे व्हॉल्व्हची कड पॉकेटच्या भिंतीला लागायला आलेली असते. हे डायल गेज दाखवत नाही. उलट, नेमकं कोणत्या अंशाला अंतर कमी आहे हे क्ले सांगत नाही.

त्यासाठी मूळ स्प्रिंग काढून मऊ चेकिंग स्प्रिंग बसवायची, डायल गेज रिटेनरवर (स्प्रिंग धरून ठेवणाऱ्या टोपीवर) टेकवायचं, आणि टीडीसीच्या २० अंश आधीपासून २० अंश नंतरपर्यंत दर २ अंशांना व्हॉल्व्ह पिस्टनला टेकेपर्यंत दाबून आकडा लिहायचा. हायड्रॉलिक लिफ्टर (कॅमची हालचाल व्हॉल्व्हकडे नेणारा, तेलावर चालणारा तुकडा) असेल तर तो दबतो आणि जागा आहे त्यापेक्षा जास्त दिसते, म्हणून मोजण्यापुरता सॉलिड लिफ्टर लावावा. स्टीलच्या रॉडवर (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवर) इनटेकला निदान २.० मिमी आणि एक्झॉस्टला २.५ मिमी, कडेने १.२५ मिमीच्या आसपास. एक्झॉस्टला जास्त, कारण तो तापून लांबतो आणि जास्त आरपीएमला फ्लोट झाला (स्प्रिंगला न जुमानता उघडाच राहिला) तर पिस्टन थेट त्याच्यावर येऊन आदळतो. अॅल्युमिनियमचे रॉड अधिक ताणतात, तिथे हे आकडे पुरत नाहीत.

जागा कमी पडली की जाड गॅस्केट घालायचा मोह होतो. मला तो उपाय पटत नाही. पिस्टनचा सपाट भाग आणि हेड यांच्यात ०.९ ते १.० मिमी ठेवलं तर मिश्रण नीट ढवळलं जातं आणि नॉकिंगला आळा बसतो. गॅस्केट जाड केली की तेच हातचं जातं, कॉम्प्रेशनही उतरतं. पॉकेट खोल करणं बरं. जुन्या व्हॉल्व्हच्या मधोमध टोक काढून तो गाइडमधून सोडला की पिस्टनवर पॉकेटचं केंद्र उमटतं. कापण्याआधी क्राउनची (पिस्टनच्या माथ्याची) जाडी आतून मोजावी, नंतर धारदार कडा मोडाव्यात, नाहीतर त्या तापून लाल होतात. सगळे पिस्टन सारखेच कापून वजनाला पुन्हा जुळवावे लागतात.

लांब स्ट्रोकच्या क्रँकची तऱ्हा वेगळी. ८६ मिमीचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ९२ मिमी केला की क्रँकपिन ३ मिमी बाहेर जाते आणि रॉडचा खांदा, बोल्टचं डोकं तेवढंच बाहेरून फिरतं. ब्लॉकच्या खालच्या कडेला, लाइनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) तळाला आणि ब्लॉकमध्ये कॅम असेल तर त्याच्या लोबला निदान १.५ मिमी हवं. प्रत्येक रॉडला वेगळं आणि दोन पूर्ण फेरे बघायचं. कॅम अर्ध्या वेगाने फिरतो, एका फेऱ्यात निम्मीच गोष्ट कळते. ब्लॉकवर ग्राइंडर चालवताना पलीकडे पाण्याचं जॅकेट आहे हे विसरू नये. पिस्टन खाली आल्यावर त्याचा स्कर्ट (खालची बाजू) आणि क्रँकचं काउंटरवेट, आणि ऑइल पिकअपही बघावा. हे घासकाम बेअरिंग बसवण्याच्या कितीतरी आधी उरकायचं, कारण तेलाच्या वाटेत गेलेला कीस पुढे सरळ बेअरिंगमध्येच जातो.

व्हॉल्व्ह स्प्रिंग पूर्ण लिफ्टला असताना कॉइल एकमेकींना टेकायला १.५ मिमी उरायला हवेत, रिटेनर आणि सीलमध्येही तेवढेच.

बेअरिंगमधल्या मोकळ्या जागेला जर्नलच्या (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) व्यासाचा हजारावा भाग हा सुरुवातीचा आकडा, ५० मिमीला ०.०५ मिमी. प्लास्टिगेजने (मध्ये दाबून जागा मोजायच्या मऊ धाग्याने) मोजताना क्रँक हलला की माप वाया. रिंग गॅप (पिस्टन रिंगच्या दोन टोकांमधली फट) टर्बो नसलेल्या इंजिनाला बोअरच्या ०.००४५ पट, टर्बोला ०.००६ पटीच्या पुढे: ८६ मिमी बोअरला ०.३९ आणि ०.५२ मिमी. गॅप कमी असेल तर तापलेल्या रिंगची टोकं भिडतात आणि पिस्टनचा रिंग लँड (रिंगच्या खाचांमधला पट्टा) तुटतो. कानस बाहेरच्या कडेकडून आतल्या बाजूला मारायची, नाहीतर लाइनरला घासणाऱ्या कडेवरचा लेप सुटतो. दर दोन-चार हातांनी रिंग लाइनरमध्ये २५ मिमी खाली पिस्टनने सरळ ढकलून फीलर गेज घालायचा; घासून गेलेला धातू परत येत नाही.