उतारावरचे चाक

गवत कापायच्या यंत्रांची दुरुस्ती आणि देखभाल हे माझे गेल्या १४ वर्षांचे काम आहे. पुण्याहून निघून मुळशी, मावळ, लोणावळ्याकडच्या वसाहतींमध्ये जायचे, यंत्राची पाती, पट्टे, तेल पाहायचे आणि परत यायचे, असा माझा दिनक्रम असतो. जुलैतल्या एका सकाळी पवना धरणाच्या परिसरातील एका बंगल्यांच्या वसाहतीतून फोन आला. बसून चालवायच्या मोवरचे मागचे टायर गुळगुळीत झाले आहेत, ट्रॅक्टरला असतात तसे उंच नक्षीचे टायर घेऊन या आणि आजच बसवून द्या, असे व्यवस्थापकांचे म्हणणे होते. आदल्या दिवशी यंत्र ‘जरा घसरले’ असेही त्यांनी शेवटी सांगितले.

मी पोहोचलो तेव्हा पाऊस थांबला होता, पण डोंगरावरून धुके उतरत होते आणि हिरवळीत पाय टाकला की पाणी बुटाच्या कडेने वर येत होते. यंत्र जिथे थांबले होते तिथेच उभे होते. एका जांभळाच्या बुंध्याला त्याची पुढची जाळी टेकली होती आणि झाडाच्या पलीकडे चार हातांवर दगडी ताल, म्हणजे उतार अडवणारा बांध, संपत होती. तालीच्या खाली दहा फुटांचा उभा पडदा आणि त्याखाली रस्ता होता. हे झाड तिथे नसते तर काय झाले असते, हे कोणी बोलून दाखवण्याची गरज नव्हती.

यंत्र चालवणारे मामा पडवीत बसले होते. वय पन्नाशीच्या पुढचे, आयुष्यभर मावळात ट्रॅक्टर चालवलेला माणूस. उजव्या घोट्याला हळदीचा लेप होता. मी विचारले, “मामा, पाय कसा दुखावला?”

“गाडी सरकायला लागली तसा पाय खाली टेकवला, दादा. वाटलं, थांबवता येईल.”

माझ्या अंगावर काटा आला. सुमारे २७० किलोचे यंत्र आणि माणूस घसरत असताना टेकवलेला पाय काहीही थांबवू शकत नाही, आणि त्या पायापासून वीतभर अंतरावर पाती फिरत असतात. मामांचा पाय फक्त मुरगळला, यात नशिबाचा वाटा मोठा होता.

मी आधी टायर पाहिले. ते गुळगुळीत झाले नव्हते. नक्षीच्या खाचांमध्ये कापलेल्या गवताचा आणि तांबड्या मातीचा लगदा इतका घट्ट बसला होता की वरून पाहणाऱ्याला सपाट रबर दिसावे. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने एक खाच उकरली तेव्हा आतून बोटाच्या पेराएवढी, हिरवट काळी, साबणाच्या वडीसारखी बुळबुळीत वडी निघाली आणि तिच्याखाली नक्षीची धारदार कड जशीच्या तशी होती. हिरवळीसाठी बनवलेल्या टायरची नक्षी मुळातच उथळ असते, कारण तिने गवताची मुळे उपटू नयेत अशी अपेक्षा असते. कोरड्या जमिनीवर ती पुरते. ओल्या दिवसांत मात्र ती तासाभरात भरून जाते आणि मग गवतावर गवतच घसरते.

त्यानंतर हवा मोजली. माझ्याकडे या कामासाठी २० पीएसआयपर्यंतच (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचे माप) दाखवणारा छोटा गेज असतो, कारण ट्रकच्या गेजवर दहा आणि पंधरा यांतला फरक कळत नाही. गेज लावताच काटा शेवटच्या आकड्यावर जाऊन आपटला. या यंत्राच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे मागच्या चाकांत १० आणि पुढच्या चाकांत १४ पीएसआय हवा हवी होती. पंधरा दिवसांपूर्वी एक चाक बसले म्हणून नाक्यावर नेले होते आणि तिथे मोटारीच्या चाकात भरतात तेवढी हवा दोन्ही मागच्या चाकांत भरून मिळाली होती. भरणाऱ्याने आपल्या परीने चांगलेच काम केले होते. त्याला हे चाक कशावर चालते हे कोणी सांगितलेच नव्हते.

व्यवस्थापक नव्या टायरचा आग्रह सोडेनात, म्हणून मी त्यांना एक गोष्ट दाखवली. शेडमध्ये यंत्र जॅकवर उचलले, चाक धुऊन पुसले, त्याच्या तळाला गेरूचे पाणी फासले आणि खाली वर्तमानपत्र ठेवून चाक अलगद टेकवले. कागदावर चार बोटे रुंद असा ठसा उमटला. मग हवा १० पीएसआयवर आणली आणि शेजारी दुसरा कागद ठेवला. ह्या वेळचा ठसा जवळजवळ टायरच्या पूर्ण रुंदीचा, म्हणजे वीतभर होता आणि त्यात नक्षीची प्रत्येक कड वेगळी मोजता येत होती. जास्त हवेने टायरचे पोट फुगते, त्यामुळे मधला पट्टाच जमिनीला लागतो आणि दोन्ही खांद्यांची नक्षी हवेत राहते. ते दोन कागद हातात घेऊन व्यवस्थापक बराच वेळ पाहत राहिले. मामांनी लगेच विचारले की मग हवा आणखी कमी केली तर आणखी चांगले होईल का. प्रश्न रास्त होता. पण फार कमी हवेचा टायर उतारावर आडव्या दाबाने रिमवरून निसटतो, म्हणून पुस्तिकेतल्या आकड्याच्या खाली जायचे नाही, हे मी त्यांना सांगितले.

एवढ्यावर काम संपले असते, परंतु घसरण्याच्या खुणा पाहिल्याशिवाय मला चैन पडेना. आम्ही तिघे उतारावर गेलो. गवतावर खुणा स्वच्छ होत्या. यंत्र उताराला आडवे चालले होते. एका जागी वरच्या बाजूचे चाक जागेवर फिरून मातीत वाटीएवढा खड्डा पडला होता, तिथून यंत्राचे मागचे अंग खाली ओढले गेले होते आणि मग मामांनी तोंड खाली वळवून ब्रेक दाबल्यावर दोन सरळ, चकचकीत पट्टे जांभळापर्यंत गेले होते. मी ते मोजले, २१ फूट भरले. एवढे सगळे अंतर मागची चाके बंद होती आणि यंत्र चालत होते.

उताराला आडवे का चालवता, असे विचारल्यावर मामा म्हणाले, “नांगर उताराला आडवाच धरायचा असतो ना? माती वाहून जात नाही.”

त्यांचे शिक्षण अगदी योग्य होते. डोंगरउतारावर आडवी नांगरणी हा माती आणि पाणी राखण्याचा नियम आपल्याकडे शेतकऱ्याला लहानपणापासून ठाऊक असतो. हाताने ढकलायचा मोवरदेखील आडवाच चालवतात, कारण ढकलणारा घसरला तरी यंत्र त्याच्या अंगावर येत नाही आणि त्याचा पाय पात्याखाली जात नाही. बसून चालवायच्या यंत्राचा नियम मात्र नेमका उलटा, म्हणजे उभा वर आणि उभा खाली असा आहे. आडवे चालताना वजन खालच्या चाकावर जाते, वरचे चाक हलके होते आणि साध्या डिफरन्शियलमुळे, म्हणजे इंजिनाचा जोर दोन्ही चाकांत वाटणाऱ्या दातेरी जोडणीमुळे, जे चाक हलके तेच मोकळे फिरू लागते, म्हणजे ज्या चाकाची पकड आहे त्यालाही जोर मिळत नाही. यंत्र कुशीवर उलटण्याचा धोका वेगळाच.

इथे मला माझी चूक कबूल केली पाहिजे. हे यंत्र दीड वर्षापूर्वी मीच ताब्यात दिले होते. फाटकाजवळच्या सपाट हिरवळीवर मामांना चालवायला शिकवले, तेल आणि पाती दाखवली आणि निघालो. उतारावर नेऊन एकही फेरी मारून दाखवली नव्हती. ती अर्ध्या तासाची फेरी त्या दिवशी मी मारली.

शेडमधल्या मिस्त्रीची पाणसळ आणि एक मीटरची फळी मागून घेतली. फळीचे एक टोक जमिनीला टेकवायचे, पाणसळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत दुसरे टोक उचलायचे आणि त्या टोकापासून जमिनीपर्यंतची उंची मोजायची. ती २७ सेंटिमीटर भरली तर उतार १५ अंशांचा असतो, आणि अशा यंत्रांच्या पुस्तिकांमध्ये साधारणपणे हीच शेवटची मर्यादा दिलेली असते. खालची हिरवळ १४ सेंटिमीटर निघाली, मधला पट्टा २४ आणि सर्वांत वरचा, तालीच्या डोक्यावरचा पट्टा ३८. यंत्र घसरले ते त्या वरच्या पट्ट्यावरून. ३८ म्हणजे सुमारे २१ अंश.

व्यवस्थापकांचा पुढचा प्रश्न बहुतेक लोक विचारतात तोच होता. यंत्र तिथे चढत होते, मग उतरता का येऊ नये? चढताना वजन मागच्या चाकांवर येते आणि इंजिनाची ताकदही त्याच चाकांना मिळते, म्हणून यंत्र भरवशाने चढते. उतरताना तेच वजन पुढच्या चाकांवर सरकते. १५ अंशांच्या उतारावर, माझ्या ढोबळ हिशेबाने, ३० किलोच्या आसपास भार मागच्या चाकांवरून पुढे जातो, आणि ब्रेक मात्र मागच्याच चाकांना असतो. खाली खेचणारा जोर त्या वेळी ७० किलोच्या घरात असतो. हलकी झालेली दोन चाके आणि ओले गवत यांनी तो पेलायचा असतो. वर नेले म्हणून खाली आणता येईल, ही समजूत म्हणूनच घातक आहे.

टायर बदलण्याविषयी मी स्पष्ट नकार दिला. उंच पट्ट्यांचे शेतीचे टायर चिखलात पकड घेतात यात शंका नाही, पण प्रत्येक वळणावर ते हिरवळ फाडतात, आणि जिथे पावसाळाभर मुसळधार पाऊस पडतो तिथे फाटलेल्या जागेचा पहिल्याच आठवड्यात ओहोळ होतो. टायरवर चढवायच्या साखळ्यांचेही तेच. त्यापेक्षा मागच्या चाकांवर वजन वाढवणे बरे. हे बोलताच मामांचा चेहरा खुलला.

“ट्रॅक्टरच्या चाकात आम्ही पाणी भरतो, तसं याच्यात चालंल का?”

पुस्तिकेत मागच्या चाकांना वजन देण्याची मुभा होती, ती आधी वाचून घेतली, कारण हलक्या गिअरबॉक्सला नको तेवढी पकड दिली तर चाक घसरायच्या ऐवजी आतले दाते तुटतात. थंड देशांत पाणी गोठते म्हणून त्यात मीठ किंवा गोठणरोधक मिसळतात, आणि मिठाने रिम सडतात. मावळात तो प्रश्नच नाही. दोन्ही चाकांत ट्यूब टाकल्या, म्हणजे रिमला पाणी लागणार नाही. चाक उचलून व्हॉल्व्ह वरच्या टोकाला आणला, त्यातली पिन काढली आणि पाणी व्हॉल्व्हच्या पातळीला येऊन बाहेर पडू लागेपर्यंत भरले. वरचा चौथा भाग हवेसाठी राहिला पाहिजे, नाहीतर चाक दगडासारखे होते. प्रत्येक चाकात सुमारे १६ लिटर पाणी मावले. दोन्ही मिळून ३२ किलो, तेही जमिनीलगत, म्हणजे उतरताना पुढे सरकणारे वजन जवळजवळ तेवढेच मागे परत मिळाले. वाढलेल्या वजनाने खाली ओढणारा जोरही थोडा वाढतो, त्यामुळे याने मर्यादेची रेघ वर सरकत नाही, हे मी दोघांनाही दोनदा सांगितले.

दुपारी ऊन पडल्यावर गवत थोडे सुकले. मधल्या पट्ट्यावर मी स्वतः यंत्र घेऊन उभा उतरलो, पाती बंद ठेवून, चालण्याच्या वेगाने, आणि ठरलेल्या जागी ब्रेक दाबला. चाके हातभर सरकली आणि थांबली. नंतर मामा बसले. चाक सुटल्यासारखे वाटले तर पाती बंद करायची, उतारावर वळायचे नाही, सरळ आणि सावकाश खाली यायचे आणि पाय काहीही झाले तरी पाटावरच ठेवायचा, हे मी त्यांच्याकडून म्हणवून घेतले. दुखऱ्या पायाने त्यांनी सहा फेऱ्या मारल्या. सहाव्या फेरीनंतर खाली उतरून त्यांनी आपण होऊन स्क्रूड्रायव्हर घेतला आणि नक्षीत साठलेले गवत उकरले.

वरच्या पट्ट्याचा विषय निघाल्यावर व्यवस्थापक नाराज झाले. तिथे खांद्याला अडकवायच्या ब्रश कटरने गवत काढायचे तर दोन माणसांचा एक दिवस जातो, आणि बंगल्यांचे मालक वरून तोच पट्टा पाहतात. मी त्यांना जांभळापाशी नेले आणि पुस्तिकेच्या पानावर पट्ट्याचे माप लिहून, खाली माझी सही करून ते पान त्यांच्या हातात दिले. २१ अंशांवर यंत्र चालवायला मी सांगणार नाही आणि तिथे चालवले तर दुरुस्तीला येणार नाही, असे म्हणालो. असे बोलणे मला आवडत नाही, पण त्या पट्ट्यासाठी कोणताही टायर, कितीही पाणी आणि कोणताही चालक पुरेसा नव्हता. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत, मग त्यांनी माळ्याला ब्रश कटरचे पेट्रोल आणायला पाठवले.

मर्यादा कळावी म्हणून मी फक्कीची रेघ मारायला सांगणार होतो. मामा म्हणाले की पहिल्या सरीत ती वाहून जाईल. त्यांनी घमेलेभर दगड गोळा केले, त्यांना चुना लावला आणि फळी व पाणसळ घेऊन, २७ सेंटिमीटर भरेल तिथे तिथे एकेक दगड मातीत अर्धा पुरत गेले. मी निघालो तेव्हा सात दगड लागले होते.

सप्टेंबरमध्ये पाती बदलायला गेलो, तेव्हा डाव्या अंगाचे तीन दगड पूर्वीच्या जागेपासून दोन हात खाली आलेले दिसले. तिथे झरा फुटला आहे, जमीन सुकतच नाही, म्हणून ते मीच खाली घेतले, असे मामांनी सांगितले.