पायाचं हाड जबड्यात गेल्यावर चालायचं कसं?

जबड्याच्या कॅन्सरमध्ये काढलेल्या हाडाच्या जागी आम्ही सर्जन पायाचं हाड बसवतो. हे ऑपरेशन ठरलं की ओपीडीत एक प्रश्न हमखास येतो. बहुतेकदा पेशंटची बायको विचारते, तेही तो एक्स-रे काढायला बाहेर गेला की. "मॅडम, पायाचं हाड काढल्यावर ह्यांना चालता येईल ना?" लग्नकार्यात भेटलेले नातेवाईकही मी काय काम करते हे कळलं की हेच विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

चालता येतं. जिना चढता येतो, शेतावर जाता येतं. उकिडवं बसणं काहींना जड जातं, पायाचा अंगठा खाली दाबताना जोर थोडा कमी पडतो, घोटा काही महिने सुजतो. पण काठीवर आयुष्य काढायची वेळ सहसा येत नाही.

गुडघ्याखाली दोन हाडं असतात. नडगीवरून हात फिरवलात की लागतं ते जाड हाड, टिबिया. शरीराचा बहुतेक भार तेच पेलतं. बाहेरच्या बाजूला स्नायूंत दडलेलं बारीक हाड म्हणजे फिब्युला. त्याच्यावर भार फार थोडा येतो. मात्र त्याच्या खालच्या टोकावर घोट्याचा सांधा अवलंबून असतो, आणि वरच्या टोकाला वळसा घालून पाऊल उचलणारी नस जाते. म्हणून दोन्ही टोकांचं सहा-सात सेंटिमीटर हाड जागेवर ठेवून आम्ही फक्त मधलं घेतो.

जबड्यावरच ही पाळी का येते? आपल्याकडे तंबाखू मळून गाल आणि खालची हिरडी यांच्या खाचेत धरून ठेवतात. गुटखा तिथेच, मिश्रीचं बोटही तिथेच फिरतं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, तरी ओपीडीत येणाऱ्यांच्या दातांवर ते डाग दिसतातच. कॅन्सर त्याच खाचेत उगवतो आणि खाली लगेच हाड असतं. गाठीबरोबर जबड्याचा तुकडा काढावा लागतो तो त्यामुळे.

ती जागा रिकामी ठेवली आणि तुकडा बाजूचा असेल तर उरलेला जबडा एका अंगाला सरकतो आणि दातावर दात बसत नाही. हनुवटीचा असेल तर हाल फार. जिभेला पुढे धरून ठेवणारे स्नायू हनुवटीच्या आतल्या बाजूला चिकटलेले असतात. ते हाड गेलं की जीभ मागे पडते, श्वास अडू शकतो, खालचा ओठ लोंबतो, लाळ थांबत नाही. माणूस चारचौघांत जेवायला बसायचं टाळू लागतो. म्हणूनच कुणी तिथे हाड बसवण्याला 'चेहरा सुधारायचं ऑपरेशन' म्हटलं की मला वाईट वाटतं. गाठ काढणं जितका उपचार, तितकाच हाही.

"मग नुसती धातूची पट्टी बसवा की, पायाला कशाला हात लावायचा?" हेही ऐकते. काही पेशंटमध्ये, वय आणि हृदयाची अवस्था बघून, पट्टीवर भागवावं लागतं. पण रेडिएशननंतर कातडी नाजूक होते. आत हाडाचा आधार नसेल तर स्क्रू ढिले होतात आणि पट्टी कातडीतून बाहेर येऊ शकते, त्यातून हनुवटीवर तर जास्तच. शरीर झेपत असेल तर मी हाडाचाच आग्रह धरते.

हे हाड जिवंत ठेवून न्यायचं असतं. न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये जबड्यासाठी फिब्युला वापरण्याची पद्धत मांडली. एक टीम तोंडाकडे गाठ काढते, त्याच वेळी दुसरी पायाकडे असते. हाड, त्याला चिकटलेला स्नायूचा थर, वरच्या कातडीचा पट्टा आणि या सगळ्यांना रक्त पुरवणारी धमनी व ते परत नेणारी शीर असं एकत्र उचलतात. सुताराने चौकटीचा कोपरा जुळवावा तसे हाडातून पाचरीच्या आकाराचे तुकडे कापून त्याला जबड्याचा बाक देतात आणि टायटॅनियमच्या पट्ट्यांनी ते बसवतात. मग मायक्रोस्कोपखाली, केसाहूनही बारीक धाग्याने, दोन-तीन मिलिमीटरची धमनी मानेतल्या धमनीला जोडायची, तशीच शीर. रक्त रोखून धरणारा चिमटा, म्हणजे क्लॅम्प, काढला की फिकट पडलेली कातडी हळूहळू गुलाबी होते. आठ-दहा तासांच्या ऑपरेशनमधला हा क्षण मला आजही तितकाच मोठा वाटतो.

पहिले दोन-तीन दिवस खरी परीक्षा. रात्री सिस्टर टॉर्च लावून तोंडात बघते. गालाच्या आत पायाची कातडी शिवलेली असते, आजूबाजूपेक्षा फिकट, कधी वर पायाचे दोन-चार केसही. तिथे सुई टोचायची. लालभडक थेंब सावकाश आला तर ठीक. काळपट रक्त भसकन आलं तर शीर तुंबली. काहीच आलं नाही तर धमनी बंद. दोन्ही वेळा पेशंटला लगेच परत ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागतं, सकाळची वाट बघायची सोय नसते. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवावं. मध्यरात्री सहीला बोलावलं की त्यांच्या पोटात गोळा येतो.

उचललेल्या भागाला रक्त मिळत राहिलं पाहिजे, हे सूत्र आपल्या मातीत जुनं आहे. १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा एक मराठा, कागदोपत्री नाव कावसजी, टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाची कातडी वळवून त्याला नाक बसवलं. भुवयांमधला कातडीचा देठ तसाच ठेवला, म्हणजे रक्त चालू राहिलं. सुमारे पंचविसाव्या दिवशी, नाक जगल्यावर, तो कापला. ही हकिकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली आणि तिच्या आधाराने जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये तिकडे तसं ऑपरेशन केलं. कावसजीचं नाव तरी उरलं. नाक बसवणाऱ्याचं नाव त्या हकिकतीत नाही, याची मला खंत वाटते.

पायाइतकीच काळजी तोंडाची करा, असं मी ओपीडीत चालण्याबद्दल विचारणाऱ्या त्या ताईंना सांगते. ऑपरेशनच्या बाजूचा खालचा ओठ बहुधा बधिर राहील, गरम चहा सांडला तरी कळणार नाही. नाकातल्या नळीतून काही दिवस खाणं, मग पातळ, मग मऊ भात. रेडिएशन लागणार असेल तर ते साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं, 'जरा ताकद येऊ दे' म्हणून लांबवू नका. नव्या हाडात पुढे स्क्रूचे दातही बसवता येतात. तेव्हा दाताच्या डॉक्टरांना ऑपरेशनच्या आधीच भेटा. आणि तोंड उघडण्याचा व्यायाम चुकवू नका. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या, जमेल तशी एकेक वाढवायची. दिवसातून चार-पाच वेळा, रेडिएशन चालू असतानाही.