एक्स-रे साफ, तरी दाढेला तडा: कॅप बसेपर्यंतचा माझा अनुभव

खालच्या डाव्या दाढेत जुनी चांदी भरलेली होती, चांगली मोठी. फुटाणे खाताना त्या बाजूला कळ यायला लागली. गंमत अशी की चावताना एवढं नाही, पण दाब सोडला की सणकन जायची. थंड पाण्याने क्षणभर झिणझिणायचं आणि थांबायचं. भात-वरणाला काही नाही. टणक दाणा बरोबर त्या जागी आला की जीव जायचा.

तालुक्याला एका दवाखान्यात गेलो. पहिला प्रश्न, "खर्रा खाता का?" म्हणजे तंबाखू-सुपारीचा. नाही म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा तोच. खेड्यातला माणूस गाल धरून आला की खर्राच, हे आधीच ठरलेलं. एक्स-रे काढला. "साफ आहे भाऊ. कीड नाही, मुळाशी पू नाही." झिणझिण्यांची पेस्ट आणि दुखीच्या गोळ्या घेऊन परत. पुन्हा गेलो तेव्हाही तोच एक्स-रे पाहिला, तीच पेस्ट, गोळ्या फक्त जास्त पॉवरच्या. मी सांगत होतो, डॉक्टर, सोडताना दुखते, सोडताना. त्यांचं लिहिणं सुरूच. इकडे सोयाबीनची सोंगणी, मजूर वावरात. ते सोडून एसटीने जायचं, नंबर लावून दुपारपर्यंत बाकावर बसायचं आणि नेमकं जे सांगायला आलो तेच कोणी ऐकायचं नाही. त्याचा राग अजून गेला नाही. कारण नंतर कळलं ते असं: दाढेचा तडा बहुतेक वेळा पुढून मागे जातो आणि एक्स-रे गालाकडून जिभेकडे काढतात, म्हणून असा तडा त्यात सहसा दिसत नाही. एक्स-रे साफ आला याचा अर्थ दाढ शाबूत आहे असा होत नाही. ओळखायचं ते लक्षणांवरून, आणि लक्षण मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

शेवटी भाच्याच्या सांगण्यावरून नागपूर गाठलं, मेडिकल कॉलेजच्या आवारातलं सरकारी डेंटल कॉलेज. तिथे एका शिकाऊ डॉक्टर ताईंनी प्लास्टिकची लहानशी काडी दाढेच्या एकेका टोकावर ठेवली. "काका, चावा... आता सोडा." मागच्या टोकावर सोडलं आणि मी खुर्चीतून उठलोच. मग बाजूने बारीक लाइट मारला. उजेड तड्यापाशी अडला आणि पलीकडचा भाग काळा दिसला. आरशात मलाही दाखवलं. खरं सांगतो, दुखणं खरं निघालं याचाच आनंद झाला.

उपाय सांगितला कॅपचा, म्हणजे दाढेवर पक्कं बसवायचं टोपण. बैलबंडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवतात, तशी कॅप दाढेला चहूबाजूंनी आवळून धरते. नुसतं सिमेंट भरलं तर भोक बुजतं, पण चावताना तडा फाकतच राहतो. दाढ घासली, माप घेतलं, तात्पुरती कॅप लावली, मग पक्की बसली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. हो, तात्पुरत्या कॅपवर चिक्की आणि गूळ नको, निघून येते.

प्रत्येक दाताला कॅप लागत नाही. लहान कीड असेल तर भरून भागतं. वयाबरोबर दातांवर बारीक रेषा येतात. दुखत नसेल तर त्यांचं काही करावं लागत नाही. पण दाढेचं टोक तुटलं, भरलेला भाग उरलेल्या दातापेक्षा मोठा झाला किंवा दाढेचं रूट कॅनल झालं, म्हणजे आतली नस काढून पोकळी भरली, तर कॅपचं स्वतःहून विचारा. आमच्याकडे रूट कॅनल करून दुखणं थांबलं की लोक परत जात नाहीत, आणि तीच दाढ पुढे उभी चिरते. थंड-गरमाची कळ बराच वेळ टिकते किंवा रात्री आपोआप ठणकते, तर नस खराब होत आली समजा. तिथे बहुधा आधी रूट कॅनल, मग कॅप. आणि तडा मुळापर्यंत गेला तर सहसा दाढ काढावीच लागते. म्हणून "थांबून पाहू" म्हटलं तर किती दिवस, हे विचारून घ्या.

दवाखान्यात जाताना कोणत्या बाजूला, काय खाताना, चावताना की सोडताना, हे कागदावर लिहून न्या आणि काडी लावून पाहायला सांगा. कॅप बसवताना रंगीत कागद चावायला देतात, तेव्हा ती जराही उंच लागली तर तिथेच बोला. घरी गेल्यावर जाणवलं तर लगेच परत जा, आपोआप बसेल म्हणून थांबू नका; घासून देतात.